माळव्याच्या कडेवरची जंगलवाट: इंदूरकरांसाठी पहिल्या माउंटन बाईक शर्यतीची तयारी

रोज पहाटे तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालवणारी मंडळी इंदुरात आता भरपूर झाली आहेत. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतून अंधारातच निघायचे, राऊ-महूपर्यंत जाऊन यायचे, पोहे खाऊन कामाला लागायचे. अशा कुणाला जंगलातल्या शर्यतीचे वेध लागले की पहिला प्रश्न ठरलेला: सायकल कुठली घेऊ? माझ्या मते या प्रश्नाचा नंबर बराच मागे लागतो. जंगलवाटेवर हौशी स्पर्धक मागे पडतात ते दम कमी पडतो म्हणून क्वचित आणि पायाखालची जमीन ओळखता येत नाही म्हणून बहुतेक वेळा. त्यामुळे या लेखात जमिनीला जागा जास्त आणि सामानाला कमी मिळाली आहे. रस्त्यावर तासभर न थांबता सायकल चालवता येते, पण जंगलात कधी शर्यत केलेली नाही, अशा माणसासाठी हे लिहिले आहे. डोळ्यांसमोर २० ते ३० किलोमीटरची हिवाळी शर्यत ठेवली आहे.

शर्यतीचा प्रकार आधी नीट समजून घ्या

प्रवेश अर्ज भरण्याआधी शर्यत कोणत्या प्रकारची आहे ते विचारा. क्रॉस-कंट्री ऑलिंपिक, म्हणजे एक्ससीओ, या प्रकारात चार ते सहा किलोमीटरच्या एकाच फेरीला अनेक वेढे घालायचे असतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून माउंटन बाइकिंग याच रूपात खेळले जाते आणि अव्वल खेळाडूंची शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटांत आटोपते. मॅरेथॉन, म्हणजे एक्ससीएम, हा लांब पल्ल्याचा प्रकार. जागतिक नियमांप्रमाणे तो ६० किलोमीटरपासून पुढे सुरू होतो. हौशी आयोजक अंतरे आपल्या सोयीने ठेवतात. म्हणून नुसत्या किलोमीटरवर भरवसा ठेवू नका. एकूण चढ किती मीटरचा, अरुंद पायवाट किती, गाडीरस्ता किती, हे विचारून घ्या. महामार्गावरचे २५ किलोमीटर तासाभरात होतात. दगडधोंड्यांच्या पायवाटेवर त्याच अंतराला नवख्या माणसाला दोन-अडीच तास सहज लागतात.

पहिल्या वेळी फेऱ्यांची शर्यत निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच जागा पुन्हा पुन्हा येते, पहिल्या फेरीत चुकलेली रेघ, म्हणजे चाक नेण्याची वाट, दुसऱ्या फेरीत सुधारता येते आणि काही बिघडले तर माणसे जवळ असतात.

कुठे चालवायची आणि कुणाला विचारायचे

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. दक्षिणेला महू, सिमरोल, चोरल या पट्ट्यात माळव्याचे पठार संपते आणि विंध्याची कड निमाडाकडे उतरते. जानापावची टेकडी ८५० मीटरच्या वर आहे. तिथे उगम पावणारी चंबळ उत्तरेला जाते, तर चोरल नदी पातालपानीला दरीत कोसळून दक्षिणेला नर्मदेकडे निघते. होळकरांच्या काळी इंदूर-महेश्वर ये-जा याच कडेवरून होत असे, त्याची खूण असलेला जाम दरवाजा आजही उभा आहे. सायकलवाल्यासाठी या भूगोलाचा अर्थ सरळ आहे: कडेच्या वर लहानलहान चढउतार आणि शेतवाटा, कडेवर मात्र दगडी आणि तीव्र उतार. सरावाची सुरुवात वरून करा, कडेकडे नंतर वळा.

परवानगीचा विषय टाळू नका. राखीव जंगलात १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे विनापरवाना शिरणे गुन्हा ठरू शकतो, आणि अभयारण्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणखी कडक आहे. शहराला खेटून असलेले रालामंडल, जिथे होळकरांचे शिकारघर आहे, तेही १९८९ पासून अभयारण्यच आहे. वन खात्याच्या रेंज ऑफिसात एकदा जाऊन भेटा, नाव-नंबर देऊन या, कोणत्या वाटा चालतील ते विचारा. महूच्या आसपास लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. तिथला फलक दिसला की मागे फिरायचे, मग नकाशात वाट कितीही सुरेख दिसत असो. पातालपानी-कालाकुंडच्या घाटातले रूळ, पूल आणि बोगदे हीदेखील सायकलची जागा नव्हे.

या जंगलात बिबट्याचा वावर आहे. २०२३ मध्ये महूच्या परिसरात वाघ फिरत होता. पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीला एकट्याने आत जाऊ नका. किमान तिघे असा. एक पडला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि एकाने मदत आणायला जायचे, एवढे गणित त्यात आहे. गावातून जाताना वेग कमी करा, समोरच्याला राम-राम घाला, गुरे दिसली तर उतरून त्यांना आधी जाऊ द्या. हरभऱ्याच्या किंवा लसणाच्या शेताच्या कडेने जाताना चाक बांधावरच राहिले पाहिजे. गावकऱ्यांचा राग एकदा ओढवला तर ती वाट सगळ्यांनाच बंद होते.

सायकल: जी आहे ती तपासा

ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, पहिल्या शर्यतीला उत्तम. २९ इंची चाके दगडांवरून सहज निघून जातात. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा सस्पेन्शनचा भाग, १०० मिलिमीटर दबणारा पुरे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर मात्र तडजोड करू नका. केबलच्या ब्रेकला उतारावर सारखी मूठ आवळावी लागते, हात भरून येतात आणि दमलेला हात ऐन वेळी चुकतो. गिअरमध्ये एवढेच पाहा की सर्वांत हलक्या गिअरला पुढच्या चक्राचे दाते मागच्यापेक्षा बरेच कमी आहेत. पुढे ३२ आणि मागे ४६ किंवा ५१ असतील तर कडेवरचे चढ बसून निघतात. पुढे तीन चक्रे असलेली जुनी सायकलही चालेल, फक्त चेन ढिली नको.

आपल्याकडे परंपरेने उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आलेल्या काही सायकलींना तो डाव्या हाताला असतो. मित्राची सायकल शर्यतीला घेणार असाल तर ही गोष्ट सर्वांत आधी तपासा, कारण घसाऱ्यावर भलताच ब्रेक दाबला गेला तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

फोर्कमध्ये हवा असेल तर ती वजनाप्रमाणे भरा. पॅडलवर उभे राहून, गुडघे-कोपरे सैल ठेवून स्थिर झाल्यावर फोर्क आपल्या दबण्याच्या एकूण अंतराच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे, म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये २० ते २५ मिलिमीटर. दुकानातून आणलेल्या सायकलीत बहुधा हवा जास्त असते आणि फोर्क कामच करत नाही.

टायर आणि हवा

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला. माळव्यातल्या वाटांवर बाभूळ, विलायती बाभूळ आणि बोर यांचे काटे सदैव पडलेले असतात. शेतकरी कुंपणाला काटेरी फांद्या लावतात, त्या वाऱ्याने वाटेवर येतात. साध्या ट्यूबवर तुम्ही शर्यत कमी आणि पंक्चर जास्त कराल. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर, करून घ्या आणि प्रत्येक टायरात साधारण १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोके बुजवणारा द्रव, घाला. बारीक काट्याचे भोक सीलंट फिरत्या चाकात आपणच बुजवते. आपल्या उन्हात मात्र ते दोन-तीन महिन्यांत सुकते. चाक कानाजवळ धरून हलवा. आत द्रव हलल्याचा आवाज आला नाही तर शर्यतीच्या आठवडाभर आधी नवे भरा, आदल्या रात्री नको. काटा घुसलेला दिसला तर तो वाटेत उपसू नका. तोच भोकाला बूच असतो. घरी येऊन, हवेचा पंप हाताशी ठेवून काढा.

रुंदी २.२ ते २.४ इंच ठेवा. पुढचा टायर जास्त दातेरी, मागचा थोडा गुळगुळीत असला तरी चालेल. मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की तुम्ही जमिनीवर.

हवेचा दाब हा हौशी माणसाचा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. रस्त्याच्या सवयीने लोक ४५-५० पीएसआय भरून जंगलात येतात, मग टायर प्रत्येक गोट्यावरून उडतो आणि पकड राहत नाही. साधारण ७० किलोच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये पुढे २२ आणि मागे २४-२५ पासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर पुढे २८, मागे ३०-३१. मग एका ओळखीच्या दगडी तुकड्यावरून तीन-चारदा जा आणि दर वेळी एक-एक पीएसआय कमी करा. रिम दगडावर टणकन आपटली की दोन वाढवा. तोच तुमचा दाब. तो लिहून ठेवा. पंपावरच्या काट्यावर विसंबू नका, वेगळा डिजिटल गेज घ्या. एक-दोन पीएसआयचा फरक जमिनीवर खरोखर कळतो.

जमीन ओळखणे

माळव्याचे पठार लाव्हारसाच्या काळ्या कातळाचे आहे. याच कातळापासून इथल्या वाटांचे सगळे प्रकार तयार होतात: अर्धवट कुजला की मुरूम, फुटला की गोटे, पूर्ण कुजला की काळी माती. प्रत्येकावर सायकल वेगळी वागते.

मुरूम हा आपला मित्र. दाबलेल्या मुरमावर पकड चांगली असते. पण वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि उताराच्या शेवटी सुटे खडे गोळा होतात. तिथे ब्रेक लावला की चाक बंद होऊन सरकते. ब्रेक वळणाच्या आधी संपवा आणि वळणात शिरल्यावर बोटे नुसती लिव्हरवर असू द्या.

काळी माती कोरडी असताना वेगवान असते, पण हिवाळा सरत आला की तिला भेगा पडू लागतात आणि उन्हाळ्यात त्या टायर अडकेल एवढ्या रुंद होतात. भेगा वाटेला समांतर असतील तर तिरके जाऊन त्या ओलांडा. ओल्या काळ्या मातीवर मात्र चालवूच नका. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि भिजवलेल्या कणकेसारखी टायरला, ब्रेकला, चेनला चिकटत जाते. काही मीटरांत चाक फिरायचे थांबते आणि जोर लावला तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तुटतो. शिवाय तुमच्या टायरने पडलेली चर पुढच्या पावसात नाला होते. पाऊस थांबल्यावर मुरमाची वाट दोन-तीन दिवसांत चालवण्याजोगी होते, काळ्या मातीला आठवडा द्यावा लागतो. टायरचा ठसा खोल उमटत असेल तर परत फिरा. ज्या वाटेवर शर्यत करायची तिचीच नासाडी करणे मला अजिबात मान्य नाही. आयोजक ओल्या वाटेवर शर्यत रेटत असतील तर त्यांना तोंडावर सांगण्याची तयारी ठेवा.

सागाचा पाचोळा ही आपल्या जंगलाची खास परीक्षा. हिवाळ्यापासून पुढे सागाची ताटाएवढी पाने वाटेवर थरच्या थर पडतात. त्यांच्याखाली दगड आहे, मूळ आहे की खळगा, हे दिसत नाही. पाचोळ्यात शिरताना पॅडल आडवे एका पातळीत, शरीर सैल, हँडल सरळ, ब्रेक नाही. पानांवर पान घसरते. वळायचेच असेल तर अगदी हळू, सायकल फारशी न कलवता. पाचोळ्यावरून आधी गेलेल्यांची पुसट रेघ दिसत असेल तर तीच धरा.

बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ही चौथी गोष्ट. चाकोरीत पुढचे चाक गेले की नवखा माणूस कडेकडे बघतो आणि चाक कडेला घासून पडतो. नजर चाकोरीतच, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. बाहेर पडायचे असेल तर जिथे कड ढासळून बुटकी झाली आहे तिथे पुढचे चाक किंचित उचलून, शक्य तितके काटकोनात बाहेर काढा.

ओढ्यातले गोटे ओले असतील तर त्यांवर शेवाळ असते. खोली दिसत नसेल तर उतरून, सायकल उचलून पार करा. पावसाळ्यात तर ओढ्यात उतरूच नका. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो. २०११ च्या जुलैमध्ये पातालपानीला अशाच लोंढ्यात माणसे वाहून गेली.

ही ओळख वाढवायची तर वाट आधी पायी चाला. सायकलवर लक्ष तोल सांभाळण्यात जाते. पायी चालताना दगड कुठल्या बाजूला झुकला आहे आणि पाणी कुठून वाहते ते दिसते.

हात-पाय कसे हलले पाहिजेत

हे सगळे घराजवळच्या मोकळ्या मैदानावर शिकता येते. चिमणबागेसारख्या मैदानावर क्रिकेटवाली मुले यायच्या आत अर्धा तास मिळाला तरी पुरे.

मूळ पवित्रा असा: सीटवरून उठलेले, दोन्ही पॅडल आडवे एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे-कोपरे वाकलेले, कोपरे बाहेर, छाती खाली, नजर दूर. ब्रेकवर फक्त एक-एक तर्जनी, बाकी बोटे हँडलवर. उतारावर लोक सीटच्या मागे जाऊन लोंबकळतात. त्यामुळे पुढच्या चाकावरचे वजन जाते आणि हँडल वळेनासे होते. कंबर थोडीच मागे न्या, वजन टाचांवरून पॅडलवर जाऊ द्या. डोके साधारण हँडलच्या मध्यावर राहिले पाहिजे. सीट बटणाने खाली जाणारी नसेल तर शर्यतीपुरती दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. चढावर थोडा तोटा होईल, पण उतारावर जागा मिळेल.

थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरू नका. तो झटक्याने न दाबता वाढत्या दाबाने दाबायचा. पक्क्या जमिनीवर एक रेघ आखा आणि तिच्यावर नेमके थांबायचा सराव करा: आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग फक्त पुढच्याने, मग दोन्हींनी. अंतरातला फरक पाहिलात की पटेल.

वळणात सायकल आत झुकवा, शरीर तिच्यापेक्षा सरळ ठेवा. बाहेरच्या पायावर वजन टाका. दोन बाटल्या जमिनीवर ठेवून त्यांभोवती आठचा आकडा काढत राहा, रोज थोडा लहान करत.

सुट्या दगडांच्या चढावर उभे राहिलात तर मागचे चाक फिरते, फार मागे बसलात तर पुढचे उचलते. सीटच्या टोकावर सरका, कोपरे खाली आणि आत घ्या, छाती हँडलजवळ आणा, पाय सारख्या गतीने फिरवा. हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. चढात जोर असताना गिअर बदलला तर चेन तुटू शकते. आणि वेग चालण्याइतकाच उरला तर उतरून पळा. सायकल खांद्यावर घेऊन वीस-तीस पावले पळण्याचा सराव आधीच करून ठेवा. आडवे पडलेले झाड पुढचे चाक उचलून ओलांडता येत नसेल, तर तिथेही हाच मार्ग.

दहा आठवड्यांचा सराव

अनंत चतुर्दशीच्या झाकी निघून गेल्या, पावसाने पाठ फिरवली की सुरुवात करा, म्हणजे डिसेंबरपर्यंत तयारी होते. आठवड्यात चार दिवस सायकल, त्यांतला एक रविवार जंगलात.

पहिल्या चार आठवड्यांत वेग विसरा. बोलता बोलता चालवता येईल एवढ्याच जोराने दीड ते तीन तास. एक दिवस मैदानावर वर सांगितलेले हात-पाय. पाचव्या ते आठव्या आठवड्यात मधल्या एका दिवशी चढावर चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा. यासाठी बायपास किंवा सिमरोलचा घाटरस्ता वापरू नका, ट्रकांची वर्दळ जीवघेणी असते. गावाकडे जाणारा एखादा शांत चढ शोधा. नववा आठवडा शर्यतीसारखा: दीड मिनिट पूर्ण जोर आणि लगेच, न थांबता, दहा मिनिटे टिकेल असा वेग. शर्यतीची सुरुवात अशीच असते, आणि ती पहिल्यांदा शर्यतीतच अनुभवली तर छाती फुटेल असे वाटते. दहाव्या आठवड्यात अर्धेच चालवा. नवे काही करू नका.

पाय सगळेच मजबूत करतात. जंगलात आधी हात, खांदे आणि पाठ थकतात. आठवड्यातून दोनदा दंड, बैठका, प्लँक आणि बारला लोंबकळणे, एवढे पुरेसे आहे. छातीत दुखणे, रक्तदाब असा काही इतिहास असेल किंवा चाळिशी ओलांडली असेल, तर जोराचे सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

खाणे-पाणी

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे चांगले, पण शेव आणि जिलेबीशिवाय. ती नंतर. दीड तासापेक्षा लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. दोन केळी, मूठभर बिया काढलेले खजूर किंवा राजगिऱ्याचे लाडू हा हिशेब सहज भागवतात. चिक्की दगडी वाटेवर चावता येत नाही. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान चहाचा. बाटली पिंजऱ्यातून उडते आणि तिच्या तोंडावर धूळ, शेण बसते, म्हणून पाठीवरची पाण्याची पिशवी मला जास्त पटते. खाणे उतारावर नव्हे, गाडीरस्त्याच्या सपाट तुकड्यावर. असे तुकडे आधीच हेरून ठेवा.

वाटेची आधीची पाहणी

आयोजक मार्ग खुला करतात त्या दिवशी जा, आणि शर्यतीच्याच वेळेला जा. सकाळी आठला पूर्वेकडच्या उतारावर ऊन थेट डोळ्यांत येते आणि सागाच्या सावलीत शिरताच क्षणभर काही दिसत नाही. दुपारी गेलात तर हे कळणार नाही. याच कारणासाठी काळा चष्मा नको, पारदर्शक काचेचा हवा.

पहिली फेरी पायी किंवा अगदी सावकाश. अवघड जागांना खुणा ठरवा: वारूळ, वाकडा पळस, तुटका बांध. प्रत्येक अवघड जागी दोन रेघा निश्चित करा, एक वेगाची आणि एक दमलेले असताना घ्यायची. शेवटच्या फेरीत आपण सुरुवातीचे आपण नसतो. दुसऱ्या फेरीत अवघड तुकडा तीनदा चालवून पाहा. तीनदाही जमला नाही तर शर्यतीत तिथे उतरायचे, हे आत्ताच ठरवा.

शर्यतीचा दिवस

आदल्या दिवशी पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत हात फिरवा: ॲक्सल घट्ट, हँडलचे बेअरिंग ढिले नाही, चाकाच्या तारा सारख्या ताणलेल्या, ब्रेक पॅडमध्ये जाडी शिल्लक, चेन पुसून तेल लावलेली. सोबत एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, लहान पंप किंवा गॅसची कुपी, ॲलन कीचा संच, चेन तोडायचे साधन, तुटलेली चेन जोडायची आपल्याच गिअरसंख्येची क्विक लिंक आणि डिरेलर ज्यावर बसतो तो सुटा हँगर. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ऐन वेळी कुठल्याच दुकानात मिळत नाही, म्हणून सायकल घेतानाच एक जास्तीचा घ्या. बोटभर कापड-टेप पंपाला गुंडाळून ठेवा.

पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करा, शेवटी दोन-तीन छोटे जोर लावा. रांगेत नवख्याने मध्यावर किंवा मागे उभे राहावे. सुरुवात रुंद असते आणि काही शे मीटरवर पायवाटेचे तोंड येते, तिथे गर्दी तुंबते. तिथे ढकलाढकलीत शिरण्यापेक्षा दोन सायकलींचे अंतर ठेवून शिरा. पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघत राहिलात तर त्याची चूक तुमची होते.

ओलांडणाऱ्याने हाक द्यायची आणि सुरक्षित जागेची वाट पाहायची, ही जबाबदारी त्याची. इथे हाक बहुधा हिंदीतच ऐकू येते, "भिया, राइट से!" आपण हळू असू तर घाबरून अचानक थांबायचे नाही. आपली रेघ धरून ठेवायची आणि वाट जरा रुंद होताच बाजू द्यायची. मोठ्या शर्यतींत फार मागे पडलेल्यांना मार्गावरून बाजूला काढतात. पंचांनी सांगितले तर वाद घालू नका.

पहिल्या फेरीत आपल्याला वाटते त्याहून थोडे कमी चालवा. चढावर उरलेली ताकद उतारावर डोके शांत ठेवते, आणि उतारावर शांत राहणारा माणूस दुसऱ्या फेरीत दमलेल्यांना एकेक करून गाठतो.

पडलात तर

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड असलेच पाहिजेत. डोके आपटले आणि नंतर गरगरणे, उलटी, विसरल्यासारखे होणे यांतले काही असेल तर शर्यत तिथेच संपली, मग कितीही बरे वाटो. आपटलेले हेल्मेट टाकून द्या, आतली भेग बाहेरून दिसत नाही. हात पसरून पडल्यावर खांद्याच्या हाडाजवळ उंचवटा किंवा हात उचलताना कळ आली तर हात गळ्यात बांधून सरळ रुग्णालय गाठा. खरचटलेले भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहा.

साप चावला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला चालू न देता न्यायचे. आग्या मोहोळ उठले तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळा. कडेखाली मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा १०८ ला फोन कुठून लागतो ती जागा पाहणीच्या दिवशीच शोधून गटातल्या सगळ्यांना दाखवा. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

शर्यत झाल्यावर

सायकल त्याच दिवशी धुवा. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, बादली आणि ब्रश पुरेसा आहे. चेन सुकवून तेल लावा, तेल ब्रेकच्या चकतीवर उडू देऊ नका. टायरावरून बोट फिरवत काटे शोधा, पॅडची जाडी पाहा. पुढचे तीन-चार दिवस हलकेच चालवा.

आणि घरी निघण्याआधी आयोजकांना तास-दोन तास द्या. झाडांना बांधलेल्या मार्गखुणांच्या फिती, बिस्किटांची पाकिटे, फुटलेल्या बाटल्या त्याच दिवशी गोळा झाल्या नाहीत तर त्या गुरांच्या पोटात जातात. कुठल्या वळणावर वाट खणली गेली, कुठला बांध ढासळला ते लिहून घ्या. बांध पुढच्या रविवारी फावडे घेऊन जाऊन नीट करा, आणि जंगलातल्या वाटेबद्दल रेंज ऑफिसात सांगा. पुढच्या वर्षीची परवानगी मागायला त्याच टेबलासमोर जायचे आहे.